पिवळ्या बल्बाखालचा हातआरसा

मी एक जुना हातआरसा आहे. भिंतीवर मिरवणारा नव्हे हं! केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे क्षणभर ज्याला धरतात ना, तो मी. मित्रांनो, माझं सारं आयुष्य लोकांच्या माना बघण्यात गेलं. चेहरे दिसायचे ते समोरच्या मोठ्या आरशातले, म्हणजे उष्टेच. त्यामुळे माझा पहिल्यापासून गोंधळ.

कारखान्यात माझ्या काचेला मागून मुलामा दिला, काळी मूठ जोडली आणि मी थेट एका तळघरातल्या केशकर्तनालयात आलो. तिथे खिडकीच नव्हती. मालकांना सगळे दादा म्हणत. दादा आणि वहिनी दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत राहत.

तेव्हा छतावर पांढरी ट्यूबलाइट होती. वरून उजेड पडला की चेहऱ्यावरच्या बारक्याशा खड्ड्यालाही सावली यायची. "दादा, घरी तर माझ्या तोंडावर एवढे डाग नव्हते!" असं म्हणत गिऱ्हाईक रुसून जाई. दादा कंटाळले. त्यांनी मोठ्या आरशाभोवती पिवळे बल्ब लावले. काय सांगू, सुरकुत्या गायब, कातडी लोण्यासारखी! दादांनी खूश होऊन घरातही तेच बल्ब लावले. लोक म्हणत, "तुमच्या हातात जादू आहे." मी मात्र चक्रावलो. माणूस तोच, मग कालचा चेहरा खरा की आजचा?

एकदा एक निवृत्त मास्तर घाबरून म्हणाले, "दादा, मी पिवळा दिसतोय. कावीळ तर नाही?"

"अहो मास्तर, दिवा पिवळा आहे, तुम्ही नाही!" सगळं दुकान हसलं.

पुढे काही दिवसांनी दादांची भूक मेली. दोन दाढ्या केल्या की ते भिंतीला टेकत. वहिनी म्हणाल्या, "तुमचा रंग मला बरा दिसत नाही."

"बल्बाला सांग," दादा म्हणाले.

मला ते रोज दिसत होते, पिवळे. पण मित्रांनो, तिथे सगळेच पिवळे होते! मी तरी काय समजायचं?

एका दुपारी वीज गेली. मास्तरांची दाढी अर्धीच झाली होती. दादांनी स्टूल उचललं, धापा टाकत आठ पायऱ्या चढून दारात मांडलं आणि मला मास्तरांच्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा मी दिवसाच्या उजेडात आलो. मास्तर चांगले गव्हाळ निघाले! त्यांनी मला जरा कलता धरला आणि मागे उभे असलेले दादा माझ्यात आले.

"दादा, आधी वस्तरा खाली ठेवा. डोळे बघा तुमचे."

"अहो, तो बल्ब..." म्हणत दादांनी सवयीने वर बोट केलं. वर नुसतं आभाळ होतं.

मास्तरांची हाक ऐकून वहिनी धावत वर आल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. "रोज समोर बसून वाढत होते हो मी! मला कसं दिसलं नाही?" मास्तर अर्ध्या गालाला फेस असतानाच दादांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं.

दुकान दीड महिना बंद होतं. मी खणात पडून कुढत होतो. मी खोटं बोललो का? मी तर दिसलं तेच दाखवलं. मग चुकलं कुणाचं? मला अजून नीट उमगलेलं नाही.

दादा परत आले ते वाळून अर्धे होऊन. आल्या आल्या त्यांनी मला काढलं आणि दारात जाऊन डोळे ताणून ताणून बघू लागले. कधी सावलीत, कधी उन्हात. "गेलं का गं पिवळेपण? मला काही कळेनासं झालंय."

वहिनींनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि पायरीवर पालथं ठेवलं.

"इकडे बघा. माझ्याकडे."

पुढचं मला दिसलं नाही. मग वहिनींच्या हुंदक्यातून हसू फुटलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला जरूर पुसा, माझ्यात बघून भांग पाडा, पण चेहऱ्यावरच्या एका डागासाठी माझ्यापुढे रडत बसू नका. दिवा बदलला की मीही बदलतो. आणि आपलं माणूस थकलेलं वाटलं, तर त्याला हाताला धरून दारात, उजेडात आणा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेवढा वेळ मी पालथा राहीन. माझी काही तक्रार नाही.