रेडिएटरच्या पोटातली हळद

मी एका विलायती मोटारीचा रेडिएटर बोलतोय. इंजिनाच्या पुढे उभं राहायचं, त्याचं तापलेलं पाणी आपल्या नळ्यांतून फिरवायचं, वाऱ्यानं निववायचं आणि परत पाठवायचं, एवढंच माझं काम. माझा जन्म थंडीधुक्याच्या मुलखातला. मला घडवणाऱ्यांनी मोहाडीचा नवतपा, मे अखेरीचे ते नऊ जळते दिवस, कधी पाहिला नव्हता.

ही लाल, दोनच माणसांची मोटार खाणीवरचा एक साहेब मायदेशी जाताना विकून गेला. १९७२ साली ती मोहाडीच्या वासुदेवरावांनी घेतली. त्यांची धानाची गिरणी होती. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या जागेवर त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई बसायच्या, मांडीवर पाण्याची पितळी चरवी घेऊन. ते पाणी माझ्यासाठी असे.

उन्हाळ्यात भंडाऱ्याहून परतताना गावाजवळच्या तलावापाशी तापमानाचा काटा हमखास लाल खुणेवर चढायचा. मग वासुदेवराव भर उन्हात हीटर लावत. त्यानं इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते.

"बाहेर नवतपा तापून राहिला अन् तुमी हीटर लावून राहिले," बाई पदरानं वारा घेत म्हणायच्या. "माह्यापेक्षा त्या इंजिनाचीच काळजी जास्त तुमाले."

शेवटी गाडी तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली थांबवावीच लागे. माझं झाकण तापलेलं असताना उघडता येत नाही. तासभर वाट पाहावी लागते. घरात कामापुरतं बोलणारी ती दोघं त्या तासात पोटभर बोलायची. काम नीट जमत नाही म्हणून मी वरमायचो, पण त्यांना घाई नसायची.

१९८१ सालची गोष्ट. आसगावला बाईंच्या बहिणीकडे निघालो होतो. वाटेत एक खडा उडाला आणि माझी नळी फुटली. पाणी धारेनं गळू लागलं. वासुदेवराव डोक्याला हात लावून बसले. बाईंनी बहिणीसाठी घरच्या हळदीचा डबा घेतला होता. मी निवल्यावर त्यांनी त्यातली हळद माझ्या तोंडात ओतली.

"हे काय करता?" वासुदेवराव म्हणाले.

"बोट कापलं तर हळदच लावतो ना आपन?"

ते हसले. पण पाणी घातलं, गाडी चालू केली, आणि थोड्या वेळानं गळती थांबली. आम्ही आसगावला पोचलो. बहिणीला अर्धाच डबा मिळाला. पुढे कितीतरी दिवस वासुदेवराव भेटेल त्याला ही गोष्ट सांगत. मला धुऊन घ्यायचं मात्र राहूनच गेलं.

दोन वर्षांनी बाई तापानं गेल्या. मधल्या काळात ती हळद माझ्या नळ्यांत घट्ट बसत गेली होती. आता गाडी थंडीतही तापू लागली. गाव सोडून दोन मैलांवरच्या त्या तलावापाशी पोचताच काटा वर चढे. वासुदेवरावांनी मला काढून बैलगाडीवरून भंडाऱ्याला तुलारामकडे नेलं. हा पितळेची भांडी जोडणारा कारागीर. त्यानं माझं वरचं टाकं उघडलं.

"भाऊ, नळ्या हळदीनं बुजल्या. उद्यापर्यंत साफ करून देतो."

वासुदेवरावांनी आत बोट फिरवलं. पिवळं झालेलं बोट बराच वेळ पाहत राहिले.

"राहू दे. जसं आहे तसंच जोड."

"मंग गाडी तलावापुढं जानार नाही, भाऊ."

"मले तरी कुठं जायचं आहे आता?"

त्यानंतर ते रोज संध्याकाळी तलावापर्यंत गाडी आणत. काटा चढला की मोहाखाली थांबत. मी निवेपर्यंत एकटेच बसत. एकदा शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळून काहीतरी म्हणाले. मग चरवीतलं पाणी मला घालून परत फिरत.

त्यांचे गुडघे धरल्यापासून तेही बंद झालं. दोन वर्षं मी गिरणीमागच्या टिनाच्या शेडमध्ये उभा आहे. पाणी कधीच आटलं. कधीकधी ते काठी टेकत येतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि निघून जातात.

वासुदेवराव, एकदा तुलारामला बोलवा. मला साफ करू द्या. आसगावची बाईंची बहीण अजून तुमची वाट पाहत असेल. बाईंनी ती हळद गाडी थांबावी म्हणून घातली नव्हती. पुढे जाता यावं म्हणून घातली होती.