बुटातलं नाणं

"त्या कार्यक्रमाची फीत सापडली, नोरीन. तुमच्या ग्लेंडाची," क्लाइव्ह फोनवर म्हणाला. "येत्या गुरुवारी लावतो. दोघीही या."

नोरीनने फोन ठेवला आणि उभ्याउभ्याच डाव्या पायातली सपाता काढून आत पाहिलं. आत काही नव्हतं. त्रेपन्न वर्षांत कधीच काही नव्हतं. टोचायचं मात्र तिथंच.

टोचणारी वस्तू शिवणाच्या डब्यात होती, बटणांच्या तळाशी. पन्नास पेन्सचं जुनं, सात कोनांचं नाणं. दुकानात चालेनासं होऊनही त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. तिने ते ना कधी खर्चलं, ना फेकलं. गुरुवारी घराबाहेर पडताना तिने ते उचललं आणि हातमोज्यात सरकवलं. आज सांगायचं. फीत सुरू व्हायच्या आत थोरल्या बहिणीला, ग्लेंडाला, सगळं सांगून मोकळं व्हायचं.

गोष्ट १९७१ ची. ग्लेंडा सतरा वर्षांची, नोरीन तेरा, आणि आई, हिल्डा पिकप, उत्तर इंग्लंडमधल्या नेल्सन गावच्या कापडगिरणीत मागावर. गिरणीत मागांचा असा कल्लोळ की खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघींना एकमेकींचा शब्द ऐकू येऊ नये. म्हणून तिथल्या बाया आवाजावाचून बोलायच्या. ओठ मोठे करायच्या, तोंड ताणायच्या, आणि या टोकाच्या मागावरून त्या टोकाला अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढून मोकळ्या व्हायच्या. आईने ती बोली सुताच्या कणांसारखी अंगावरून घरी आणली. चर्चमध्ये पाद्री उपदेश करत असला की मायलेकी तिघी ओठांनी बोलत. 'ती बघ टोपी.' 'कोबीचा गड्डा.' 'हसू नकोस गं.'

घरातला टीव्ही भाड्याचा होता. त्याच्या पाठीला एक पेटी होती. तिच्यात नाणं टाकलं की टीव्ही चाले. नाण्याची वेळ सरली की चित्र आक्रसत आक्रसत पांढरा ठिपका होई आणि ठिपकाही विझे. मग नवं नाणं टाका. गल्लीत सगळ्यांकडे हीच तऱ्हा. पण गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, गाण्यांच्या कार्यक्रमाला, कुणाचीच पेटी उपाशी नसे. गाणारे लंडनच्या स्टुडिओत गात, त्यांच्या भोवती तिकीट मिळालेली पोरं-पोरी नाचत, आणि इकडे देशभरातल्या पोरी बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीवर नाचत.

नोरीन नुसती नाचायची नाही, पावलं रचायची. ओव्हनच्या काचेत स्वतःला पाहत तिने एक नाच बसवला होता. दोन पावलं तिरकी, एक विसावा, टाच मागे, आणि मान अशी वळवायची जणू मागून कुणी हाक मारली. ग्लेंडा तो तिच्याकडून शिकली. मग ग्लेंडाने पत्र लिहिलं आणि कार्यक्रमाची दोन तिकिटं आली. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, असं त्यांवर छापलं होतं. दुसरं तिकीट मैत्रिणीला गेलं.

"पावलं माझी आणि लंडनला ती," नोरीन म्हणाली.

ग्लेंडा आरशासमोर पापण्या रंगवत होती. "पावलांवर नाव लिहिलंय का तुझं?"

एवढंच ती म्हणाली, हसत हसत. पण तेरा वर्षांच्या पोरीच्या मनात तेवढं पुष्कळ झालं.

आईने हिरवा झगा शिवला. ग्लेंडा बसने लंडनला गेली. गुरुवारी दुपारपासूनच आईने कपाटावर, घड्याळाच्या शेजारी, एक नाणं काढून ठेवलं. "याला कुणी हात लावायचा नाही. हे ग्लेंडाचं." घरात तेवढं एकच होतं. संध्याकाळी गल्लीतल्या एथेल मावशी आल्या. आई किटलीशी वळली, आणि नोरीनने नाणं उचलून बुटात घातलं. ग्लेंडाला कुणी पाहू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढचा विचार तिने केलाच नव्हता.

तिसरं गाणं सुरू झालं, कॅमेरा नाचणाऱ्यांकडे वळू लागला, आणि चित्र आक्रसलं. पांढरा ठिपका. तोही विझला.

"नोरीन, नाणं आण."

"तिथं नाहीये."

आईने कपाट चाचपलं, घड्याळ उचललं, पर्स पालथी केली. एथेल मावशी चपला फटफटवत चार घरं सोडून स्वतःच्या घरी पळाल्या. त्या नाणं घेऊन परत आल्या, चित्र उजळलं, तेव्हा निवेदक हात हलवून निरोप घेत होता.

आईने पर्समधलं सांडलेलं पुन्हा भरलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी पोरगी येईल. आपण तिला पाहिलं. एथेल, तू पाहिलंस. नोरीन, तूही पाहिलंस." आणि मग, "लंगडतेस का गं?"

"बूट घट्ट झालाय."

"बघू."

"नको."

आईने पाहिलं नाही. नोरीनच्या तोंडाकडे मात्र पाहत राहिली, आणि कप आवरायला उठली. दोन हिवाळ्यांनी आई छातीच्या दुखण्याने गेली. तेव्हापासून आईचा विषय निघाला की ग्लेंडाचं शेवटचं वाक्य ठरलेलं. "काही असो, आईने मला पाहिलं होतं." नाताळात, मुलांच्या लग्नांत, स्वतःच्या नवऱ्याच्या मर्तिकातही. ती या वाक्याला टेकून बसायची, जशी माणसं भिंतीला टेकतात. ती भिंत कशी ओढून घ्यायची? नोरीनने ती तशीच राहू दिली. शिवाय फीत उरली नव्हती. वाहिनीवाले त्या काळी तीच फीत पुसून तिच्यावर दुसरं काही भरायचे. जे त्या संध्याकाळी पाहिलं, ते पाहिलं. राहिलं ते राहिलं.

आणि आता यॉर्कशरमधल्या एका बंद पडलेल्या शिक्षक महाविद्यालयाच्या कपाटात एक फीत निघाली होती. तिथल्या कुणीतरी यंत्राची चाचणी म्हणून त्या गुरुवारचा कार्यक्रम टीव्हीवरून उतरवून घेतला होता. क्लाइव्हने जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेले; निवृत्त झाल्यावर तो ग्रंथालयाच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी दोनला जुनी गाणी भिंतीवर दाखवायचा. फीत स्वच्छ करून घ्यायला त्याला तीन महिने लागले; मगच त्याने नोरीनला फोन केला होता.

सभागृहात तीसेक म्हातारी मंडळी, चहा, आल्याचा केक. विल्फ, पूर्वीचा बस कंडक्टर, नेहमीप्रमाणे सुरू झाला होता.

"आमचे बाबा वर्तमानपत्रामागे बसायचे. दर गुरुवारी एकच प्रश्न. 'तो पोरगा आहे की पोरगी?' आम्ही म्हणायचो, पोरगा. 'मग त्याची आई त्याला वेणी का घालत नाही?'"

"आणि वर्तमानपत्र उलटं धरलेलं असायचं," पलीकडून एक बाई म्हणाली.

"उलटंच. नाचणाऱ्या मुली आल्या की पान उलटायचं विसरायचे."

ग्लेंडाने आज केस करून घेतले होते, गळ्यात हिरवा रुमाल बांधला होता. सत्तरीची झाली होती, पण खुर्चीच्या काठावर परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

"ग्लेंडा, मला तुला एक सांगायचंय," नोरीन म्हणाली. हातमोज्यात नाणं गरम झालं होतं.

"नंतर सांग. आधी माझी लिपस्टिक बघ. नीट आहे ना?"

"कशाला? कोण बघतंय?"

"ती बघेल. सतरा वर्षांची." ग्लेंडाने भिंतीकडे मान केली. "आईने पाहिलं तेच आता मी पाहणार. त्रेपन्न वर्षं थांबलेय."

"आधीच सांगायला हवं, ग्लेंडा. आईचं आहे..."

क्लाइव्हने दिवे मालवले. कुणीतरी शू केलं.

चित्र राखाडी होतं, मधूनमधून आडव्या रेघा पळत होत्या. पहिलं गाणं, दुसरं गाणं. लोक हळू आवाजात गुणगुणत होते. तिसऱ्या गाण्याचा ढोल सुरू झाला, आणि नोरीनचा डावा पाय आपोआप उचलला गेला. इथेच. इथेच तो ठिपका झाला होता.

पण भिंत विझली नाही. कॅमेरा वळला, गर्दी बाजूला झाली, आणि तिथं ग्लेंडा होती. आईने शिवलेल्या झग्यात. हिरवा रंग दिसत नव्हता, पण शिवण ओळखू येत होती. दोन पावलं तिरकी. विसावा. टाच मागे. मान वळली, आणि वळलेली मान सरळ कॅमेऱ्याशी येऊन थांबली. ग्लेंडाचे ओठ हलू लागले. मोठे, ताणलेले, सावकाश.

"गाणं म्हणतेय," विल्फ हसला. "पण शब्द भलतेच."

सभागृह हसलं. तिथं मागावर काम केलेलं कुणी उरलं नव्हतं. नोरीन हसली नाही. तिला वाचता येत होतं.

'आई. ही पावलं आमच्या नोरीनची. नोरीनची.'

दोनदा. मग कॅमेरा सरकला, आणि एक ढोलकी बडवणारा मुलगा आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा डोळे पुसत नोरीनच्या कानाशी वाकली. "बघ. लिहून ठेवलं तुझं नाव. घरी आल्या आल्या मी आईला विचारलं होतं, काय बोलले ते कळलं का? म्हणाली, कळलं, अक्षर न् अक्षर. तूही ओठ वाचलेच असशील. तू मात्र कधी एक शब्द काढला नाहीस. मला वाटलं, हिचा राग काही जात नाही. म्हणून मीही परत विषय काढला नाही."

दिवे लागले. नोरीनने हातमोजा काढला आणि नाणं ग्लेंडाच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"त्या दिवशीचं. कपाटावरचं. मी बुटात घातलं होतं." एकदा सुरू झालं आणि थांबेना. "टीव्ही बंद पडला, ग्लेंडा. तुझं गाणं सुरू झालं आणि बंद पडला. एथेल मावशी नाणं आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आईने पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. तिने आम्हाला सांगितलं, पाहिलं म्हणा."

क्लाइव्ह चहा घेऊन आला, दोघींच्या तोंडाकडे पाहून कप ठेवून निघून गेला. ग्लेंडाने नाण्याला हात लावला नाही. पलीकडे विल्फ सांगत होता की त्याच्या बायकोने याच गाण्यावर त्याचा पाय तुडवला आणि म्हणून लग्न झालं.

"मग तिने काय पाहिलं?" ग्लेंडाने विचारलं.

"ठिपका."

"आणि नंतर?"

हे नोरीनने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर नाणंही सांगावं लागलं असतं. "पर्स पालथी करून झाल्यावर ती परत खुर्चीत बसली. टीव्हीकडे तोंड करून. विझलेल्या टीव्हीकडे. गाणं रेडिओवर ऐकून पाठ होतं तिला. पायाने ठेका धरला. पूर्ण गाणंभर. एथेल मावशींची चाहूल लागली तरी थांबली नाही. मग पाय थांबला आणि म्हणाली, 'झालं हिचं.'"

"कोणता पाय?"

"उजवा. मागांच्या तालावर हलायचा तोच."

ग्लेंडाने मान हलवली, हळूहळू, जणू कुणी तिला एखाद्या घराचा पत्ता समजावून सांगत होतं. मग तिने नाणं उचललं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "हे माझं आहे. तिने माझ्यासाठी ठेवलं होतं."

"हो."

"क्लाइव्ह," तिने हाक मारली, "तेवढंच गाणं पुन्हा लाव."

पुन्हा दिवे मालवले. ग्लेंडाने खुर्ची थोडी पुढे ओढली, एक हातभर, नोरीनपासून दूर. या वेळी नोरीनने फक्त पावलं पाहिली. आपली पावलं, हजारो घरांत गेलेली, एका घरात न पोचलेली. रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तिने ते आवरलं.

"शेवटी मी चुकले का?" पुढून, मागे न पाहता, ग्लेंडाने विचारलं.

"टाच उशिरा आली."

"मला वाटलंच."

परतीच्या बसमध्ये ग्लेंडा पुढच्या बाकावर एकटी बसली, पर्स मांडीवर, पर्सवर हात. नोरीन मागे, दोन बाकं सोडून. गिरणीच्या जागी झालेल्या मोठ्या दुकानापाशी बस थांबली तेव्हा ग्लेंडाने मान वळवली. तशीच, जणू मागून कुणी हाक मारली. तिचे ओठ मोठे झाले, ताणले गेले, आवाज न करता हलले. आई गेल्यापासून ही बोली त्या दोघींत कुणी बोललं नव्हतं.

'मी अजून रागावलेय.'

नोरीनने ओठांनीच उत्तर दिलं. 'कळलं. अक्षर न् अक्षर.'