कळवू नये

हाइड्रूनने वासाच्या सातव्या कांडीचे टोपण काढले आणि ती फोल्कमारच्या नाकाखाली धरली. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजले.

"कातडं, डिंक, मध की गवत?"

डोळ्यांवरच्या पट्टीआड फोल्कमारच्या भुवया वर गेल्या. "काहीच नाही, असा पर्याय नाही का तुमच्याकडे?"

"नाही. चारातलं एक सांगायचंच."

"मग मध. आज गोड बोलायचं ठरवलंय मी."

तिने कागदावर खूण केली. कांडी कातड्याची होती. त्याआधीची लसणाची होती, आणि तिला तो गाजर म्हणाला होता. त्यालाही ती हसली होती, कारण एकतीस वर्षांच्या संसारात नवरा थट्टा करतो आहे की नाही हे कळायला तिला त्याचा चेहरा पुरत असे. आज पट्टीमुळे अर्धा चेहरा झाकलेला होता.

संस्थेच्या मेंदू-अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटातला एक माणूस आयत्या वेळी आजारी पडला म्हणून तिने फोल्कमारला बोलावून घेतले होते. पंचावन्नच्या पुढचा, धडधाकट, कसले औषध न घेणारा. एल्बे नदीकाठच्या त्यांच्या गावात त्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि सोमवारी ते बंदच असे. नात्यातल्या माणसाची चाचणी आपण घेऊ नये हे तिला ठाऊक होते. पण नोंदवहीत नाव नसते, फक्त क्रमांक असतो. एकोणचाळीस.

सोळाव्या कांडीनंतर त्याने पट्टी काढली आणि डोळे चोळले.

"पास झालो का?"

"निकाल सांगत नाहीत."

"बायकोसुद्धा?"

"इथे मी बायको नाही. जा, तिकडे तुझ्या डोक्याचे फोटो काढायला थांबलेत."

तो गेल्यावर तिने बेरीज केली. सोळांपैकी पाच. नुसता अंदाज ठोकणाऱ्याचेसुद्धा चार बरोबर येतात. तिने पुन्हा बेरीज केली. मग कागद फायलीत लावताना तिची नजर त्याने सकाळी भरलेल्या संमतीपत्राकडे गेली. शेवटचा प्रश्न होता: तपासणीत पुढे होऊ शकणाऱ्या आजाराची चिन्हे दिसल्यास आपणास कळवावे का? 'कळवू नये'च्या चौकोनात फुली होती. घड्याळजीचीच फुली, रेघेबाहेर कुठेही न गेलेली.

गुरुवारी डॉक्टर टेवेसने फोटो पडद्यावर लावले. तो तिशीतला होता, आणि अडले की हाइड्रूनलाच हाक मारायचा. सव्वीस वर्षे ती या संस्थेत मरणोत्तर दान आलेल्या मेंदूंचे पातळ काप काढत आली होती, त्यातही गंधकंदांचे. कपाळाच्या तळाशी, नाकाच्या छतावर, डावा-उजवा एकेक कंद; करंगळीच्या नखाएवढा. नाकातले तंतू चाळणीसारख्या हाडातून वर येऊन त्याला भिडतात आणि आत हजारो बारीक गुंडाळ्यांमध्ये एकेका वासाची निवड होते. नवीन मुली कामाला आल्या की ती सांगायची, "डोळ्यांनी पाहिलेलं आधी दुसऱ्या ठाण्यावर थांबतं. वास थांबत नाही. तो इथून थेट आठवणींच्या घरात शिरतो." एक गोष्ट मात्र ती पहिल्या दिवशी सांगत नसे. कंपवात पुष्कळदा याच दाराने आत येतो, आणि हातापर्यंत पोचायला वर्षे घेतो.

पडद्यावरचे कंद चपटे होते. पाण्यावाचून सुकलेल्या दाण्यांसारखे.

"बाई, हा एकोणचाळीस निरोगी गटातला ना?" डॉक्टरने विचारले. "वासाचे पाच. आणि हे बघा, जोडीदाराच्या प्रश्नावलीत बायकोने लिहिलंय, झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, दोनदा मला लागलंही." त्याने अक्षराकडे नीट पाहिले नाही. "तिन्ही एकत्र आलं. खात्री कुणीच देणार नाही, पण चारपाच वर्षांत या माणसाचे हात थरथरायला लागले तर मला नवल वाटणार नाही. कळवायचं का यांना?"

हाइड्रूनने फाईल उघडली नाही.

"नाही. कळवू नये म्हणून लिहिलंय."

"शहाणा माणूस. कळवून तरी आपल्याकडे द्यायला काय आहे?"

तिने मान हलवली आणि काचपट्ट्या धुवायला घेतल्या. धुतलेल्याच होत्या.

संध्याकाळी सहाला ती घरी आली तेव्हा जूनचे ऊन स्वयंपाकघरात अजून आडवे पसरले होते. फोल्कमार खिडकीशी बसून एका बायकी घड्याळाचे केसासारखी स्प्रिंग चिमट्याने बसवत होता. ती दारातच थांबली. चिमटा हलला नाही. स्प्रिंग बसली. तिचा श्वास सुटला तो त्याने ऐकला असावा.

"काय बघतेस? चाळीस वर्षं तेच करतोय."

"फोल्कमार..."

"चल, तळघरात ये जरा."

"आत्ता?"

"तुझं काम आहे."

तळघरात घर तापवण्याच्या बंबाशी तो वाकला. एकतीस वर्षांत तिने त्या यंत्राला हात लावला नव्हता. प्रत्येक नळाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली दिसली, त्याच्या मुंगीएवढ्या अक्षरातली. हा आधी. हा नंतर. काटा हिरव्याच्या खाली गेला तर हा. काही चिठ्ठ्या नव्या करकरीत होत्या. काही पिवळ्या पडल्या होत्या. जवळच्या पिवळ्या चिठ्ठीवर तारीख होती. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली.

तिने ती बोटांत धरली, पुन्हा वाचली, सोडून दिली.

"भर उन्हाळ्यात कशाला शिकायचं हे?" तिने विचारले.

"आत्ता दाखवता येतंय म्हणून." त्याने तिचा हात धरून नळावर ठेवला. त्याचा तळवा कोरडा होता, ऊबदार होता. "डावीकडे. हळू. पाणी ऐकू येतंय?"

"येतंय."

"काटा बघ. हं. आता बंद कर."

तिने बंद केला. त्याने हात काढून घेतला आणि दोन पावले मागे जाऊन पायरीवर बसला.

"आता पुन्हा कर," तो म्हणाला. "मी इथे नाही असं समजून कर."