कुऱ्हाड झेललेले पिंप

मी एक जुने ओकच्या लाकडाचे पिंप आहे. मित्रांनो, मारझोड माझ्या पाचवीलाच पुजलेली. करवतीने मला चिरले, आतून आग लावून वाकवले आणि लोखंडी कड्या हातोड्याने ठोकून अंगावर चढवल्या. एवढे सोसल्यावर तरी सुखाने जगू देतील, असे मला वाटले होते.

नेकार नदीकाठच्या एबरहार्टने मला विकत आणले. उभ्या चढावर त्याचे द्राक्षमळे होते. वाइन तयार झाली की तो दाराबाहेर खराटा टांगायचा, आणि तो बघून गावकरी प्यायला जमायचे. त्याची लाल वाइन गोड असे, कारण तिच्यात तो द्राक्षांचा गोड रस मिसळायचा. त्याच्या मुलीला, इर्मेलाला, ते मुळीच पटत नसे. तिने वरच्या मळ्यातल्या लेम्बर्गर द्राक्षांची वाइन माझ्यात मुरवली आणि गोडाचा थेंबही पडू दिला नाही.

"चांगली निघाली तर वरचा मळा तुझा," एबरहार्ट म्हणाला होता. "नाहीतर त्या वेली मुळासकट उपटतो की नाही बघ."

मग परीक्षेचा रविवार आला. साखर पेरलेला आलुबुखाराचा केक पोटभर हाणून एबरहार्ट तळघरात उतरला. त्याने एक घोट घेतला आणि पचकन थुंकला.

"ही वाइन? शाई आहे नुसती! गावात नाक कापशील माझं."

"बाबा, आधी चूळ भरा. केकवर ही कडूच लागणार."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून चाखतोय मी!"

त्याने सरपणातली कुऱ्हाड उचलली. इर्मेला आडवी आली. तिला ढकलून त्याने घाव घातला. माझी फळी काडकन फुटली आणि वाइनची चिळकांडी भिंतीवर उडाली. इर्मेलाने धावत येऊन भेगेवर हात दाबला, पण दुसरा घाव सुटला होता. तो कडीवरून घसरून तिच्या बोटांवर बसला. वाइन कुठली आणि रक्त कुठले, कळेना. पोरीची किंकाळी ऐकून मी माझे दुखणे विसरले. कुऱ्हाड त्याच्या हातून गळून पडली.

शेजारचा शिकारी कार्ले धावत आला. त्याने तिचा हात बांधला आणि भेगेखाली एक सुरई धरली. तेवढीच वाइन वाचली.

संध्याकाळी वरच्या खोलीतले बोलणे मला छताच्या फळ्यांतून ऐकू येत होते. मळा तुडवणारे रानडुक्कर कार्लेने परवा गोळी घालून पाडले होते. ते आता कांद्यामिऱ्यांत शिजून ताटात आले होते.

"घे एबरहार्ट," कार्ले म्हणाला. "यानं आपली द्राक्षं खाल्ली, आता आपण याला खाऊ. आणि ही सुरईतली पी वर."

चरबीदार घास, त्यावर घोट. मग पेला सरकल्याचा आवाज आला.

"इर्मेला, अजून आहे का गं?"

"आहे की बाबा. खाली फरशीवर. फडक्यानं पुसून आणू?"

मग एबरहार्टच्या रडण्याचा आवाज आला. म्हातारा इतका रडू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

वरचा मळा इर्मेलाला मिळाला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र पुन्हा वळली नाहीत. छाटणीची कात्री ती डाव्या हाताने चालवते, आणि बाप खाली मान घालून फांद्या गोळा करतो. मित्रांनो, माझी फळी सुताराने बदलली. बोटे बदलणारा सुतार कुठे मिळतो? हात उगारावासा वाटलाच, तर आधी एक चूळ भरा.