बापाचं इंजिन

घणसोली गावात वीज गेली की कमळी हातातलं काम टाकून जिन्याकडे धावायची. माडीवर तिची सासू बयाबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. मागच्या आठवड्यात अशीच वीज गेली, म्हातारीचे ओठ निळे पडले, तेव्हा घरातल्या एकुलत्या एक सिलिंडरने तिला कसंबसं तारलं. तो सिलिंडर अजून भरून आला नव्हता. तेव्हापासून घरात एकच विषय होता, वीज गेल्यावर मशीन चालवायचं कशावर.

विषय कसला, वैरच ते. धाकटा दीर निकेश महापेला नोकरीला, त्याला चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर हवा होता. कमळीचा नवरा जानू टेम्पोवाला, त्याला बापाच्या होडीचं डिझेल इंजिनच हवं होतं. होडी कधीच मोडीत गेली होती. इंजिन मात्र दोन घरांमधल्या बोळात ताडपत्रीखाली जपलेलं. दर नारळी पुनवेला जानू त्याला हळदकुंकू लावायचा, नारळ फोडायचा. आता त्याने त्याला वीज काढायला डायनामोही जोडला होता आणि त्याची वायर माडीवरच्या मशीनपर्यंत नेली होती.

"बोलात धूर कोंडेल, दादा. आयेची खिडकी तिथंच हाय," निकेश सांगून थकला.

"त्याच धुरात वाढलास तू. बापाचा इंजिन आयेला मारील काय?"

ज्याच्यापुढे माणूस वर्षानुवर्षं हात जोडतो, त्याचा धूर त्याच्या नाकाला लागत नाही. आणि खरं दुखणं वेगळंच होतं. मशीन निकेशच्या पैशाचं, औषधं निकेशच्या पैशाची. आईसाठी काहीतरी आपलंही असावं म्हणून जानू हटून बसला होता. कमळीला हे कळत होतं, म्हणून त्याची कीव यायची, आणि त्याहून जास्त राग यायचा.

शेवटी निकेशने कुणाला न विचारता इन्व्हर्टर आणला. भर दुपारी टेम्पो लावून जानू घरी आला, तर जिन्याखाली भाऊ खोक्यातून बॅटरी काढत होता. जानू बोळात गेला, इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल घेऊन आला आणि इन्व्हर्टरवर घातलं. पत्रा चेपला. दुसऱ्या घावाला आतल्या हिरव्या पट्ट्या फुटून लाद्यांवर उडाल्या.

निकेशने त्याची गचांडी धरली आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. जानूने गुडघा मारला. निकेश कळवळून वाकला, तसा हँडलचा फटका त्याच्या भुवईवर बसला आणि डोळा रक्ताने भरला. तरी त्याने भावाच्या मनगटाला दात लावले ते सोडेनात. एका आईचं दूध प्यायलेली ही दोन माणसं कुत्र्यांसारखी जिन्याखाली लोळत होती. कमळी मध्ये पडली, तर कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला.

तेवढ्यात पंखा थांबला. वरून वीज गेल्याची मशीनची शिटी ऐकू आली.

"आता बग," जानू धापा टाकत म्हणाला, आणि रक्ताळलेल्या हाताने हँडल घेऊन बोळात धावला.

कमळी वर पळाली. खाली इंजिन धडधडलं, मशीन चालू झालं. क्षणभर तिला वाटलं, नवरा बरोबर होता. मग खिडकीतून काळा धूर आत शिरला. तिने खिडकी ओढली, पण तिची एक काच फुटलेलीच होती. हवा ओढणारं मशीन तोच धूर ओढत होतं. बयाबाई उसळून खोकू लागली, तिची नखं कमळीच्या दंडात रुतली.

कमळी खाली उतरली ती मासळी कापायचा कोयता घेऊनच. डिझेलच्या नळीवर तिने घाव घातला. तेल उडालं, इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं. जानूने हँडल तिच्यावर उगारलं.

"मारा," ती म्हणाली. "मना मारा, मंग वर जाऊन आयेला बी मारा."

त्याचा हात वरच राहिला. मग त्याने हँडल टाकलं.

दोघा भावांनी आईला चादरीत घालून खाली आणलं. टेम्पोच्या मागे गादीवर कमळी म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जानू चालवायला, निकेश त्याच्या शेजारी, एकाचं मनगट फाटलेलं, दुसऱ्याचा डोळा मिटलेला. वाट काढायला जानू हॉर्न दाबत सुटला होता. हॉस्पिटल अजून लांब होतं, तेव्हाच कमळीच्या दंडावरची म्हातारीची पकड सुटली. तिने नाकाशी हात धरला. छातीला कान लावला.

तिला हंबरडा फोडावासा वाटला. पण आत्ता कळलं तर हे दोघे भर रस्त्यात एकमेकांचा जीव घेतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पदर तोंडात कोंबला.

"आयेचा श्वास चालू हाय ना?" जानूने मागे न बघता विचारलं.

"हाय," कमळी म्हणाली. "हलू चालवा."