सुतळीची नदी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे खरा, पण मला भिंतीवर शोधू नका. भिंतीवरचे नकाशे बघायचे असतात, मी चाचपायचा. अंध मुलांच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी सुताराला हाताशी धरून मला घडवलं. जाड फळीवर भुशाचा लगदा थापून डोंगर केले, वाळवंटाला खरीखुरी वाळू चिकटवली, गावांच्या जागी पितळी खिळे ठोकले. आणि नद्या? त्या सुतळीच्या, सरसात बुडवून चिकटवलेल्या. बाई डोळस होत्या. वळणं घेत समुद्राला गेलेली ती सुतळी त्यांना हुबेहूब नदी दिसली. "झकास!" म्हणाल्या. सुतारही मान डोलावून मोकळा झाला.

मग काय, तास सुरू झाला की माझ्यावर बोटांची ही झुंबड! त्यात एक मुलगी होती. तिला सगळे भुणभुण म्हणत, कारण तिचे प्रश्न कधी संपतच नसत. "बाई, समुद्राला दुसरी बाजू असते का? या डोंगरावरून घसरलं तर कुठल्या गावात पडतो?" माझी फार लाडकी होती ती, लपवायचं कशाला?

एकदा सहल नदीवर गेली. परत आली तेव्हा भुणभुण नखशिखान्त भिजलेली, दात कडकडा वाजताहेत. नदीला पहिला हात आपलाच लागावा म्हणून ती पुढे धावली होती, वाकून, हवेत नदी चाचपत. नदी हाताला लागेचना. लागली ती थेट पायाखाली! बाईंनी वेणी धरून ओढली म्हणून वाचली.

"नदी जमिनीच्या वर असते ना? नकाशात तर वर आहे!" ती हमसून हमसून रडत होती. "खोटारडा आहे तो. मी नाही त्याला परत हात लावणार, जा!"

अहो, सुतळी काय मी चिकटवली होती? डोळ्यांना जी नदी दिसते ती बोटांना बांधासारखी लागते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाईंनी लगेच सुताराला बोलावलं. त्यानं सुतळ्या उपटल्या आणि पटाशीनं नद्या खोल कोरल्या. फार दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. आता डोंगरावर चमचाभर पाणी ओतलं की ते वाहत समुद्राला जाई. मुलं खूश झाली. भुणभुण तेवढी कानांत बोटं घालून, पाठ फिरवून बसे. "एकदा हात लावून तरी बघ गं, बाळा," बाई विनवायच्या. ती हट्टाला पेटलेली. तशीच शाळा संपवून निघून गेली.

पुढे बोलणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. नद्यांत धूळ भरली, वाळवंटात पालीनं अंडी घातली. निवृत्तीच्या दिवशी बाई एकट्याच आत आल्या, माझ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "नाहीच रे लावला तिनं हात." त्यानंतर त्या गेल्याचंच कानावर आलं. एकटेपणा म्हणजे काय, ते मला त्या खोलीनं शिकवलं.

मग एकदा खोली रिकामी करायचं निघालं. नव्या मुख्याध्यापिका शिपायाला प्रश्नांनी नुसतं भंडावून सोडत होत्या. आवाज मोठा झाला होता, पण मी ओळखला. माझी भुणभुण!

"हा जुना नकाशा, बाई. भंगारात?" म्हाताऱ्या शिपायानं विचारलं.

"तो खोटारडा होय? टाका."

"मला एकट्याला नाही पेलायचा. जरा धरता का तिकडून?"

तिनं कड धरली. तिचा अंगठा नदीच्या मुखात रुतला. ती थबकली. मग नखानं धूळ उकरत उकरत थेट डोंगरापर्यंत गेली.

"अगं बाई! ही खाली कधी गेली?"

"तुम्ही नदीत पडलात ना, त्यानंतर लगेच. भूगोलाच्या बाई किती वाट बघायच्या तुमची."

ती तिथंच बसून पदरानं एकेक नदी पुसू लागली. मग म्हणाली, "धरा तिकडून. वर्गात न्यायचाय."

आता मी पुन्हा वर्गात आहे. बोटं फिरतात, पाणी वाहतं. पण तास सुटला की वाटतं, हे बघायला बाई हव्या होत्या. मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी आपली चूक निस्तरली असेल, तर पाठ फिरवून बसू नका. हात लावून बघा. आणि ते माणूस जवळ आहे तोवर बघा.