डोळे मिटलेला वर्ग

बाईंच्या संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकायचं तर आधी डोळे मिटायचे, असा शिरस्ता होता. अक्षरं दिसली की माणूस अक्षरांवरच अडून बसतो आणि फसतो, असं त्यांचं ठाम मत. शब्दाआधी ‘अ’ लावायचा की ‘ॲन’, हे कानानं ठरवायचं. शब्द तोंडात घोळवायचा, त्याचा पहिला आवाज ऐकायचा, मगच बोलायचं. बाई स्वतःही डोळे मिटत.

आज संस्थेचे संचालक वर्ग बघायला येणार होते. पसंत पडला तर राहणार, नाहीतर सगळ्यांची रवानगी सकाळच्या वर्गात. नोकऱ्या सोडून सकाळी कोण येणार? म्हणजे वर्ग बंद झाल्यातच जमा. बाईंनी हे सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. पण घाबरतील त्या बाई कसल्या! आपलं नाणं खणखणीत आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर त्यांनी मुद्दाम शिलाईकाकूंना उभं केलं. काकू कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवत, घरी अख्खं घर धाकात ठेवत, पण वर्गात तोंडाला कुलूप. त्या तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरचे ड्रायव्हरभाऊ उत्तर देऊन मोकळे होत.

“काकू, ‘अवर’. म्हणजे तास. भाऊ, तुम्ही गप्प बसायचं.”

सगळ्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात दार हळूच करकरलं आणि अनोळखी बूट वाजले. संचालकच असणार, हे बाईंनी ओळखलं. उठून नमस्कार करावा, हे सगळे झोपलेले नाहीत हे सांगावं, असं फार वाटलं. पण आत्ता मध्ये बोललं तर काकू पुन्हा मिटणार. बाई हलल्या नाहीत.

“ॲन... अवर,” काकू म्हणाल्या.

“आता ‘युनिव्हर्सिटी’,” मागून आवाज आला. “चला, चटकन!”

काकूंचा पारा चढला. “ड्रायव्हरभाऊ, एकदा सांगून कळत नाही? गाडी पिटाळायची ती रस्त्यावर. इथं मला माझा शब्द घोळवू द्या!”

“अहो काकू, मी कुठं काय बोललो?”

“बघा, पुन्हा बोललात!”

आता वर्ग गेलाच, असं बाईंना वाटलं, आणि हसूही आवरेना. काकूंनी मात्र सावकाश शब्द घोळवला.

“अ युनिव्हर्सिटी.” आवाज घरच्यासारखा ठणठणीत.

डोळे उघडून त्यांनी मागं पाहिलं. शेवटच्या बाकावर संचालक बसले होते. काकूंचा चेहरा उतरला, पण घटकाभरच.

“साहेब, तुम्ही होतात होय! तरी पण तोंडात शब्द असताना माणसाला घाई करू नये.”

“खरंय,” संचालक ओशाळून हसले. “बाई, चालू द्या वर्ग.”

बाई खडू उचलणार, तोच काकू म्हणाल्या, “चालू द्या म्हणजे आजच्यापुरता, की कायमचा?”

ड्रायव्हरभाऊंनीसुद्धा श्वास रोखला. संचालकांनी तोंड उघडलं, मिटलं, खिडकीबाहेर बघितलं. काकूंनी त्यांना अजिबात घाई केली नाही.

“कायमचा,” ते म्हणाले.